ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’, हातात मात्र काहीच नाही : टपालाने पाठवलेल्या वस्तू गहाळ होण्याचे निदान आणि उपाय

जुनी मराठी पुस्तके आणि दुर्मीळ दिवाळी अंक घरातून टपालाने पाठवण्याचे काम मी करते. त्यामुळे “ट्रॅकिंगवर पोहोचले असे दिसते आहे, पण माझ्याकडे काहीच आलेले नाही” हा फोन मला नवा नाही. सुरुवातीच्या काळात असा फोन आला की माझी पहिली शंका चोरीची असे, आणि माझी सगळी चिडचिड वाटेतल्या अनोळखी माणसांवर निघत असे. पुढे मी प्रत्येक तक्रारीची नोंद वहीत ठेवू लागले : पार्सल शेवटी कुठे सापडले आणि तिथे ते कसे गेले. काही महिन्यांनी ती वही वाचताना लक्षात आले की हरवले असे समजलेले पार्सल बहुतेक वेळा हरवलेले नव्हतेच. ते एक तर माझ्या टेबलावर पत्ता लिहितानाच वाट चुकले होते, किंवा घेणाऱ्याच्या उंबरठ्याच्या जवळपास पोहोचून भलत्याच हाती पडले होते. मधला शेकडो किलोमीटरचा प्रवास पार्सल बंद थैलीतून करते आणि तिथे त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. म्हणून पुढचा बराचसा मजकूर या दोन टोकांविषयी आहे.

पार्सल नेमके कुठे थांबले आहे?

तक्रार करण्यापूर्वी ट्रॅकिंगची शेवटची नोंद नीट वाचावी, कारण उपाय त्या नोंदीवरून ठरतो.

‘या क्रमांकाची माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर प्रथम क्रमांकच तपासावा. भारतीय टपाल खात्याच्या नोंदणीकृत वस्तूंचा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो : आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी देशाची ‘आयएन’ ही दोन अक्षरे. या नऊ अंकांपैकी पहिले आठ हा वस्तूचा अनुक्रमांक असतो आणि नववा पडताळणीचा अंक असतो. हा नववा अंक घरी कागदावर काढता येतो. उदाहरणार्थ, अनुक्रमांक १२३४५६७८ आहे असे धरू. त्यातील अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणावे. गुणाकार ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ आणि ५६ असे येतात व त्यांची बेरीज २०४ होते. २०४ ला ११ ने भागले की बाकी ६ उरते. ११ मधून ६ वजा केले की ५ उरतात, म्हणून नववा अंक ५ असला पाहिजे. वजाबाकी १० आली तर तो अंक ० धरतात आणि ११ आली तर ५. एका ग्राहकाने मला फोनवरून सांगितलेला क्रमांक या हिशेबात बसेना, तेव्हा मी त्यांना पाठवलेल्या पावतीचे छायाचित्र मोठे करून पाहिले. फिकट छपाईतला ८ त्यांनी ३ असा वाचला होता. त्यांचे पार्सल व्यवस्थित प्रवासात होते आणि आम्ही दोघेही दोन दिवस भलत्याच क्रमांकाचा पाठलाग करत होतो.

नोंद ‘बॅग डिस्पॅच्ड’वर तीन-चार दिवस अडकून बसली, तर पार्सल गहाळ झाले असा निष्कर्ष लगेच काढू नये. वर्गीकरण केंद्रात वस्तू एकदा थैलीत बंद झाली की पुढच्या नोंदी त्या थैलीच्या होतात आणि आतल्या प्रत्येक वस्तूच्या ट्रॅकिंगवर त्याच दिसतात. थैली पुढच्या केंद्रात उघडून वस्तू पुन्हा स्कॅन होईपर्यंत शांतता असते. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, आणि कोकण रेल्वेची किंवा घाटातली वाहतूक पावसाने विस्कळीत होते तेव्हाचे दिवस, ही शांतता लांबते. खरी चिंता तेव्हा करावी, जेव्हा पार्सल पुढच्या केंद्रावर उतरल्याची नोंद आहे, तिथून निघाल्याची नाही, आणि आठवडा उलटून गेला आहे. अशा वेळी ते बहुधा फाटलेल्या लेबलामुळे बाजूला काढलेल्या वस्तूंमध्ये पडलेले असते.

ट्रॅकिंगमध्ये एखादे अनोळखी गाव दिसू लागले, तर पार्सल चुकीच्या दिशेने निघाले आहे असे समजावे. याचे कारण जवळजवळ नेहमी पिनकोडात किंवा खोक्यावर राहिलेल्या जुन्या लेबलात सापडते. आणि ‘डिलिव्हर्ड’ दिसत असूनही वस्तू हाती नसेल, तर पहिला प्रश्न असा विचारावा की ती कोणत्या सेवेने पाठवली होती. या प्रश्नाकडे पुढे सविस्तर येऊ.

पत्ता

आपल्याकडचा जुना खेड्यातला पत्ता ‘मु.’, ‘पो.’, ‘ता.’, ‘जि.’ या चार शब्दांवर उभा असे आणि त्यामागे पक्का विचार होता. ‘मु.’ म्हणजे माणूस जिथे राहतो तो मुक्काम आणि ‘पो.’ म्हणजे त्याच्या टपालाचा बटवडा जिथून होतो ते कार्यालय. ही दोन गावे पुष्कळदा वेगळी असतात. हल्ली ‘मु. पो.’ हे एकच अक्षरजोड समजून त्यापुढे एकाच गावाचे नाव लिहिले जाते. मग ज्या वाडीत टपाल कार्यालयच नाही तिचे नाव पाकिटावर झळकते आणि बटवड्याचे गाव गायब होते. ग्रामीण पत्ता घेताना मी आता सरळ विचारते की तुमच्याकडे येणारा डाकसेवक कोणत्या गावच्या टपाल कार्यालयातून येतो. उत्तर लगेच मिळते, कारण गावात हे सगळ्यांना ठाऊक असते.

दुसरा घोटाळा सारख्या नावांचा. एकट्या ‘वडगाव’ या नावाचे उदाहरण घ्या. सिंहगड रस्त्याकडील वडगाव बुद्रुकचा पिनकोड ४११०४१, वडगाव शेरीचा ४११०१४, मावळातील वडगावचा ४१२१०६ आणि कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगावचा ४१६११२. यात ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही पदे म्हणजे शोभेची शेपटे नव्हेत. अशा जोडगावांतले मोठे गाव बुद्रुक आणि धाकटे खुर्द. ‘बु.’ आणि ‘खु.’ ही संक्षिप्त रूपे घाईच्या अक्षरात एकमेकांसारखी दिसतात, म्हणून ती पूर्ण लिहावीत. शहरात हीच गत शिवाजीनगर, गणेशनगर, महात्मा गांधी रस्ता यांची होते आणि इमारतींच्या नावांची तर विचारूच नये : एकाच उपनगरात तीन ‘साईकृपा’ असणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड अमलात आला. त्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते, आणि संस्कृत कवीही होते. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग सांगतो. आपला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना मिळून आहे. पहिले तीन अंक मिळून वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, जसे ४०० मुंबई, ४०३ गोवा, ४२२ नाशिक, ४४० नागपूर. आणि शेवटचे तीन अंक बटवड्याचे कार्यालय दाखवतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की पहिल्या तीन अंकांत चूक झाली तर पार्सल दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि तिथून ते परत वळवायला कितीतरी दिवस लागतात, तर शेवटच्या तिनांत चूक झाली तर ते शहरातल्या शहरात भरकटते. ग्राहकाने दिलेला पिनकोड मी टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहते. समोर येणारे कार्यालयाचे नाव पत्त्यातल्या भागाशी जुळले नाही, तर पाकीट बंद करण्याआधी फोन करते. या एका सवयीने माझ्या निम्म्याहून अधिक कटकटी मिटल्या, असे म्हणायला माझी वही साक्ष आहे.

बदललेल्या नावांनीही सध्या गोंधळ होतो. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावे आपण लिहितो, पण काही कुरियर कंपन्यांच्या संगणकात जुनीच नावे आहेत आणि तिथला कर्मचारी यादीत नाव सापडले नाही की अंदाजाने जवळचे काहीतरी निवडतो. पिनकोड बरोबर असेल तर या अंदाजाने फारसे बिघडत नाही. त्यामुळे बुकिंगच्या पडद्यावर पिनकोड टाकल्यानंतर कोणते शहर उमटते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

फोनवर घेतलेल्या पत्त्याविषयी एक प्रसंग सांगते. एका मोठ्या गृहसंकुलातील वाचकाने फोनवर ‘डी ५०४’ सांगितले आणि मी ‘बी ५०४’ लिहिले. कुरियरवाल्या मुलाने पार्सल बी विंगेत दिले आणि तिथल्या कुटुंबाने ऑनलाइन खरेदीच्या चार खोक्यांसोबत तेही घेतले. ते लोक दुसऱ्या दिवशी गावी गेले आणि १९७० च्या दशकातले माझे तीन दिवाळी अंक अकरा दिवस एका चपलांच्या कपाटामागे पडून राहिले. यात कोणीच अप्रामाणिक नव्हते. तेव्हापासून मी फोनवर पत्ता घेतच नाही. तो लिहून मागवते, लेबल तयार झाल्यावर त्याचे छायाचित्र ग्राहकाला पाठवते आणि ‘बरोबर आहे’ असे लेखी उत्तर आल्याखेरीज पार्सल बाहेर नेत नाही. विंगेचे अक्षर लिहायचेच असेल तर ‘डी विंग, मंदिराच्या बाजूची’ असे काहीतरी खुणेचे सोबत लिहावे. खूण लिहिताना मात्र टिकाऊ खूण निवडावी. ‘चहाच्या टपरीसमोर’ या पत्त्यातली टपरी महानगरपालिका कधीही उचलते.

पत्ता कोणत्या लिपीत लिहावा, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. राज्यातल्या राज्यात मराठी पत्ता उत्तम चालतो, आणि खेड्यात तर रोमन लिपीतल्या नावापेक्षा तोच अचूक वाचला जातो. परंतु पार्सल तामिळनाडूला किंवा बंगालला जायचे असेल, तर वाटेतल्या वर्गीकरण केंद्रात देवनागरी वाचणारा माणूस असेलच असे नाही, म्हणून तिथे इंग्रजी पत्ता हवा. पिनकोड आणि फोन क्रमांक मात्र सर्वत्र आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावेत, कारण यंत्रे तेच वाचतात. देवनागरी ‘१’ आणि ‘९’ घाईत लिहिले की माणसेही त्यांची अदलाबदल करतात.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ नावाची दहा चिन्हांची नवी पद्धत आणली आहे. ती देशाच्या नकाशाचे सुमारे चार मीटर गुणिले चार मीटरचे चौकोन करून प्रत्येकाला वेगळी ओळख देते. वस्तीपासून दूर असलेले शेतघर किंवा कोकणातील वाडीवरचे घर दाखवायला ती उपयोगी आहे. पण उंच इमारतीत एकावर एक असलेल्या सगळ्या सदनिका एकाच चौकोनात येतात आणि बटवडा करणाऱ्या प्रत्येकाला ही पद्धत अजून परिचित नाही. तेव्हा ती पत्त्याच्या जोडीला लिहावी, पत्त्याऐवजी नव्हे.

वेष्टन आणि लेबल

माझी सर्वात लाजिरवाणी चूक जुन्या खोक्याने केली. काटकसर म्हणून मी ऑनलाइन खरेदीतून आलेले खोके पुन्हा वापरले, वर नवे लेबल लावले आणि तळाशी राहिलेल्या जुन्या बारकोडाकडे दुर्लक्ष केले. सांगलीला जायचे पार्सल चार दिवसांनी एका गोदामात उगवले, कारण कुठल्याशा पट्ट्यावर खोके उलटे पडले आणि यंत्राने खालचा बारकोड वाचला. जुने खोके वापरायला हरकत नाही, पण त्यावरचे प्रत्येक लेबल सोलून काढावे, निघत नसेल तर त्यावर कोरा कागद चिकटवावा. काळ्या मार्करच्या दोन रेघांवर भरवसा ठेवू नये, कारण रेघांच्या वरखाली उरलेल्या पट्ट्यांवरूनही यंत्र बारकोड वाचू शकते.

नवे लेबल खोक्याच्या सर्वात मोठ्या सपाट बाजूवर लावावे. ते कडेवरून दुमडू नये आणि बारकोडावर चकचकीत चिकटपट्टी ओढू नये. पट्टीवरून प्रकाश परावर्तित होतो आणि स्कॅनर अडखळतो. उष्णतेने छापणाऱ्या छपाईयंत्राचे लेबल असेल, तर चिकटपट्टीतल्या गोंदानेही अक्षरे हळूहळू फिकट होतात. पावसाळ्यात मी सगळे पार्सल प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून पिशवीची तोंडे घट्ट बंद करते. शाईच्या पेनाने किंवा साध्या स्केचपेनाने पत्ता लिहिणे म्हणजे पहिल्या सरीला तो अर्पण करणे होय.

मात्र वेष्टनासंबंधी एकच गोष्ट करायची असेल, तर ती ही : पार्सलाच्या आत, पुस्तकाच्या वर, घेणाऱ्याचा आणि स्वतःचा पत्ता व दोघांचे फोन लिहिलेली दुसरी चिठ्ठी ठेवावी. बाहेरचे लेबल निघून गेलेली वस्तू शेवटी टपाल खात्याच्या ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’मध्ये जाते, ज्याला पूर्वी ‘डेड लेटर ऑफिस’ असे भेसूर नाव होते. तिथल्या कर्मचाऱ्यांना पाकीट उघडून आत पत्ता शोधण्याचा अधिकार असतो. आत चिठ्ठी असेल तर वस्तू परत वाटेला लागते, नसेल तर तिचा माग तिथेच संपतो. जुन्या पिढीतली माणसे मांजरपाटाच्या कापडात पार्सल शिवत आणि कापडावरच पत्ता लिहीत, तेव्हा लेबल गळून पडण्याचा प्रश्नच नव्हता. पुठ्ठ्याच्या खोक्याने ती सोय घालवली, म्हणून आतल्या चिठ्ठीची गरज वाढली.

बुकिंगच्या खिडकीवर

आता सेवेच्या प्रश्नाकडे येते. पूर्वी रजिस्टर्ड पोस्ट आणि स्पीड पोस्ट या दोन वेगळ्या सेवा होत्या आणि त्यांतला मूळ फरक वेगाचा नव्हता. रजिस्टर्ड वस्तू त्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला द्यायची असे. स्पीड पोस्टची वस्तू त्या पत्त्यावर द्यायची असे, मग घ्यायला घरातले कोणीही येवो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या दरपत्रकात ‘नोंदणी’ ही स्पीड पोस्टवरची जादा सुविधा झाली. तिच्यासाठी प्रत्येक वस्तूला ५ रुपये आणि त्यावर जीएसटी द्यावा लागतो. तितकेच पैसे देऊन ओटीपी सांगितल्यावरच वस्तू देण्याची सुविधाही घेता येते. म्हणजे साधे स्पीड पोस्ट करून आलो आणि पार्सल शेजारच्या आजींनी घेतले, तर ‘डिलिव्हर्ड’ ही नोंद खोटी असतेच असे नाही. ज्यांना जुने रजिस्टर्ड हवे आहे, त्यांनी खिडकीवर ‘नोंदणीसह’ असे स्पष्ट सांगावे आणि पावतीवर ते छापून आले आहे का, हे खिडकी सोडण्याआधी पाहावे. हजार रुपयांहून अधिक किमतीच्या प्रत्येक पार्सलाला मी नोंदणी आणि ओटीपी दोन्ही घेते. ओटीपीसाठी घेणाऱ्याचा चालू मोबाइल क्रमांक लागतो, हे लक्षात ठेवून तो ग्राहकाकडून आधीच पक्का करून घ्यावा, कारण जुन्या सिमकार्डावर गेलेला ओटीपी कोणाच्याच कामाचा नाही.

पुस्तके पाठवणाऱ्यांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा आहे. तिला ट्रॅकिंग आहे, पण वस्तू जमिनीवरील वाहतुकीनेच जाते, त्यामुळे वेळ लागतो. पुन्हा मिळेल अशा पुस्तकाला मी ती वापरते. दुर्मीळ अंकाला वापरत नाही.

पावतीवर छापलेले वजन हा आपल्या बाजूचा साक्षीदार असतो. पार्सल बंद करण्यापूर्वी वस्तूचे, आणि बंद केल्यावर लेबलासह पार्सलाचे छायाचित्र काढावे आणि वजन पावतीशी ताडून पाहावे. घेणाऱ्याला पार्सल फाटलेले, पुन्हा चिकटवलेले किंवा हलके वाटले, तर त्याने सही करण्याआधी टपाल कार्यालयात ‘ओपन डिलिव्हरी’ मागावी. त्यात कर्मचाऱ्यांसमोर वजन करून पार्सल उघडतात आणि आत काय निघाले याची यादी करतात. सही करून घरी नेल्यानंतर केलेल्या तक्रारीला ही ताकद उरत नाही.

घेणाऱ्याचे दार

गृहसंकुलात पार्सल पोहोचण्याचे खरे ठिकाण बहुधा फाटकावरची चौकी असते. पहारेकऱ्याने घेतलेल्या वस्तूची वहीत नोंद नसेल, किंवा नोंद असून ‘पार्सल १’ एवढीच असेल, तर पुढचा शोध केवळ स्मरणशक्तीवर चालतो. चौकीतल्या वहीत सदनिका, वस्तूचा क्रमांक, दिलेली वेळ आणि नेणाऱ्याची सही असे चार रकाने आखून घ्यावेत. सोसायटीच्या बैठकीत वाहनतळाच्या भांडणातून पाच मिनिटे उरली तर हे काम होण्यासारखे आहे.

घरी कोणी नसताना पोस्टमन ‘दार बंद’ असा शेरा मारून सूचनेची चिठ्ठी ठेवतो आणि वस्तू कार्यालयात साधारण सात दिवस थांबते, मग पाठवणाऱ्याकडे परत जाते. गावी जाणार असाल तर कार्यालयात आधीच अर्ज देऊन वस्तू थांबवून ठेवता येते किंवा दुसऱ्या पत्त्यावर वळवता येते. पाठवणाऱ्यालाही बटवडा होण्याआधी अर्ज करून पत्ता दुरुस्त करता येतो किंवा वस्तू परत मागवता येते. पिनकोड चुकल्याचे दुसऱ्याच दिवशी लक्षात आले, तेव्हा मी हा अर्ज दोनदा वापरला आहे आणि दोन्ही वेळा पुस्तक गहाळ होता होता वाचले. आपल्या भागाच्या पोस्टमनशी ओळख ठेवणे हा उपाय कोणत्याही दरपत्रकात नाही, परंतु एका भागात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या माणसाला अपुऱ्या पत्त्यावरूनही घर सापडते. खासगी कुरियरमध्ये पोरे दर महिन्याला बदलतात, तिथे ही सोय नाही.

परदेशी पाठवलेल्या फराळाच्या किंवा पुस्तकांच्या पार्सलाबाबत एवढेच सांगते की तेरा चिन्हांचा तोच क्रमांक त्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही चालतो, कारण तो जागतिक टपाल संघटनेच्या मानकानुसार बनलेला असतो. आपल्याकडचे ट्रॅकिंग मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयापाशी थांबले की पुढचा शोध तिकडे घ्यावा. अमेरिकेतील पत्त्यात ‘अपार्टमेंट’चा क्रमांक आवर्जून विचारावा, मुले पत्ता कळवताना तो हमखास गाळतात.

तरीही गेले तर

‘डिलिव्हर्ड’ दिसून वस्तू नसेल, तर पहिल्या चोवीस तासांत तीन ठिकाणी विचारावे : घरातली माणसे, चौकी आणि सारख्या क्रमांकाची शेजारची सदनिका. त्यानंतर बटवड्याच्या कार्यालयात जाऊन वस्तू कोणाच्या सहीने दिली हे विचारावे. कुरियर असेल तर सहीची प्रत, वेळ आणि छायाचित्र लेखी मागावे. ‘सेल्फ’ किंवा ‘सिक्युरिटी’ एवढ्यावर समाधान मानू नये, नाव मागावे. दोन-तीन दिवसांत माणसाला दिलेली वस्तू आठवते, पंधरा दिवसांनी आठवत नाही, आणि म्हणूनच ही घाई आहे.

टपाल खात्याकडे तक्रार संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. उत्तर आले नाही तर केंद्र सरकारचे ‘सीपीग्राम्स’ तक्रार पोर्टल आणि खात्याची डाक अदालत हे पुढचे टप्पे आहेत.

भरपाईविषयी मात्र वेळीच वास्तव जाणून घ्यावे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ६ ने खात्याला गहाळ होणे, चुकीच्या ठिकाणी जाणे आणि उशीर यांच्या जबाबदारीपासून मोठे संरक्षण दिले होते. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या २०२३ च्या नव्या कायद्यातही, नियमांनी ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे खाते बांधील नाही, हे सूत्र कलम १० मध्ये कायम आहे. हरवलेल्या स्पीड पोस्टची ठरलेली भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच राहिली आहे. म्हणजे ६० रुपये शुल्क भरून २,५०० रुपयांचा अंक पाठवला आणि तो गेला, तर १२० रुपये हाती येतात. मौल्यवान वस्तूला विमा उतरवणे हाच यावर मार्ग आहे, आणि तो बुकिंगच्या वेळीच उतरवावा लागतो.

खासगी कुरियरचीही गोष्ट फार वेगळी नाही. १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात, जर्मनीला पाठवलेले पाकीट वेळेत न पोहोचल्याबद्दल मागितलेली मोठी भरपाई सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरची मर्यादा होती आणि ती बंधनकारक ठरली. म्हणून पावतीमागचा बारीक टाइप सही करण्याआधी वाचावा आणि वस्तूची खरी किंमत पावतीवर नोंदवावी. ग्राहक म्हणून दाद मागायची झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्क नाही.

पार्सलाची वाट पाहणाऱ्या माणसाला “पत्ता अपूर्ण आहे, चोवीस तासांत या दुव्यावर दुरुस्त करा” असा संदेश येतो, तेव्हा तो नेमका हळव्या क्षणी येतो. टपाल खात्याच्या नावाने फिरणारे असे संदेश बनावट असल्याचे सरकारने वेळोवेळी जाहीर केले आहे. दुवा उघडू नये. पावतीवरचा क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. ओटीपीदेखील पार्सल समोर दिसत असताना, दारात उभ्या माणसालाच सांगावा, फोनवर कोणालाही नाही.

आणि पावतीचे छायाचित्र बुकिंग केले त्याच दिवशी काढून ठेवावे. खिडकीवर मिळणारी गुळगुळीत कागदाची पावती माझ्या टेबलाच्या खणात एका उन्हाळ्यात कोरी झाली, आणि तक्रारीच्या अर्जाला मूळ पावतीची प्रत जोडा म्हणून पत्र आले तेव्हा माझ्याकडे जोडायला एक पांढरा कपटा होता.